म्हसोबाला बोललेली तलंग

१४ जुलै २०२४
आखाडा, ता. भूम

शंभू,

माझं अक्षर ओळखून पाकीट फाडायच्या आधी चार ओळी वाच. तू माझा नंबर ब्लॉक केलास. मग माणसानं विचारायचं कसं? म्हणून होस्टेलच्या पत्त्यावर पोस्टानं. खोली तीच असेल असं धरून चालतो. माझ्या कॉटवर आता कोण झोपतंय?

माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगतो. कॉलेजच्या शेडमधे जे झालं ते झालं. तू हर्षालीसंगं पिल्लांच्या ट्रेवर वाकून खिदळत नसतास तर माझा हात उठला नसता. कॉलेज मी सोडलं. तू राहिलास. फिटंफाट.

काम आहे, ते कोंबड्यांचं आहे.

इथं गाव मला डॉक्टर म्हणतं. मी कुणाला म्हणा म्हणालो नाही. मायला एवढंच बोललो की जनावरांचं कॉलेज झालं, कागद यायचाय. बाकी गावानंच केलं. कुणाच्या वासराचं पोट फुगलं की मी, कुणाची शेळी लंगडली की मी. गोचीड काढ, गूळ-सोडा पाज, एवढ्यावर निभतंय.

आमच्या शेजारी दगडाकाकू राहतात. त्यांच्या गावरान कोंबडीखाली त्यांनी यंदा दोन जातींची अंडी बसवली होती, घरची काही आणि गिरिराजची काही. पिल्लं झाली पाचेक आठवड्यांची. काल मला हाक आली.

"डॉक्टर, जरा हिकडं या की. ह्यातला कोंबडा कोणचा, तेवढा दावा. म्हसोबाला बोलायचाय."

काकूंची लेक अर्पिता इथं जवळच, वाशी तालुक्याला दिलीय. दोनदा दिवस राहून गेले तिचे. आता तिसऱ्यांदा राहिलेत. सुखरूप बाळंत झाली तर पाचवीला म्हसोबाला कोंबडा, असा काकूंनी नवस केला. आमच्याकडं त्याची रीत अशी की पाखरू आधीच, पिल्लू असतानाच बोलायचं. पायात लाल दोरा, डोक्याला कुंकू, डाव्या पायाचं मधलं नख कापून खूण. एकदा बोललं की ते देवाचं. विकायचं नाही, खायचं नाही आणि बदलायचं तर अजिबात नाही. आणि देवाला मादी चालत नाही, हे तुला सांगायला नको. तुमच्या घरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, तरी पिल्लांचे नर-मादी वर्गात सगळ्यात आधी तूच वेगळे करायचास.

अंगणात बायका जमल्या होत्या. मी दाखवलं. सगळ्यात थोराड, पिवळ्याधमक पायांचं, तांबूस पिल्लू. मी बोट पुढं केल्याबरोबर त्यानं टोचलं. म्हणालो, "हा. गिरिराजचा नर. बघा की रग." एक भित्रं करडं पिल्लू बाजेखाली बसलं होतं, त्याला मी मादी, तलंग, म्हणून टाकलं. काकूंनी तिथंच दोरा बांधला, नख कापलं.

तर विचारायचं एवढंच. पाच आठवड्यांचं पिल्लू हातात न घेता, नुसतं ठेवणीवरून ओळखता येतं ना? येतंच. मला माहीत आहे. तरी तू एकदा सांग.

हर्षाली कशी आहे?

कृष्णराज

२ ऑक्टोबर २०२४

शंभू,

उत्तर नाही. ठीक. कानडी माणूस रागावला की दगड होतो, हे तुझीच आई हसत सांगायची.

काकूंचं पाखरू वाढलंय मोठं. अर्पिता माहेरी आलीय. रोज सकाळी काकू तिला उन्हात बसवतात आणि समोर त्या पाखराला मूठभर ज्वारी टाकतात. पोरगी आणि पाखरू, दोन्हींवर एकच नजर. "दोघंबी भरल्यावानी दिसाय लागलेत बघ," असं माझ्या मायला सांगतात.

एकच गोष्ट. बांग देत नाही.

बाजेखालचं ते भित्रं करडं मात्र पंधरा दिवस झाले, गल्ली उठवतंय. भिंतीवर चढून मान ताणून ओरडतं. काकू परवा म्हणाल्या, "डॉक्टर, ज्याला तुमी तलंग म्हणलात त्यो आरडतोय, आन् आमचा देवाचा गडी मुकाच. काय भानगड?"

मी म्हणालो, "काकू, एखाद्यात चुकतं. पण गिरिराज मोठी जात आहे. त्याचा आवाज उशिरा फुटतो."

"व्हय का? मग आसंल." लगेच मानलं त्यांनी. शेजारच्या लक्ष्मीबाईला ऐकू जाईल अशा आवाजात वर म्हणाल्या, "शिकल्यालं माणूस हाय. आपल्याला काय कळतंय!"

माय मात्र भाकरी थापता थापता बोलली, "मला तर तलंगच वाटती ती. शेपटी बघ की."

मी ताट सरकवून उठलो. "तू शिकलीस का मी?" असं म्हणालो. मायला.

तुरा बारका आहे, हे मलाही दिसतंय. शेपटीला कमान नाही. पण तू सांगितल्याशिवाय मी मानणार नाही.

सोबत एक चिठ्ठी आहे, हर्षालीसाठी. उघडू नको. दिवाळीला ती तेरला घरी जाईल, त्याआधी दे. एवढं तरी कर. तू माझं काही देणं लागत नाहीस, तरी कर.

कृष्णराज

१९ नोव्हेंबर २०२४

शंभू,

तुझं कार्ड मिळालं. मोजून सहा ओळी. पाठ झाल्यात.

"आधी जात बघायची, मग नर-मादी. थोराड जातीची मादी गावरान नरापेक्षा थोराडच दिसते. पाठीवरची पिसं टोकाला गोल असली तर मादी, टोकदार आणि लोंबती असली तर नर. तीन महिने थांबून मग बोलायचं असतं. चिठ्ठी दिली नाही. तिनं तुला उत्तर आधीच दिलंय."

शेवटची ओळ वाचून कार्ड चुलीत घालणार होतो. तू कोण ठरवणारा? पोस्टमन आहेस का न्यायाधीश?

पाखराचं मिटलं. बांग देतो आता. काकू खूश आहेत. अर्पितेचे दिवस भरत आलेत.

तू म्हणशील मादी बांग कशी देईल. देतंय ना? मग झालं. पुन्हा या विषयावर लिहू नको.

कृ.

९ डिसेंबर २०२४

शंभू,

आज पंगतीत पहिलं पान माझं होतं.

अर्पिता बाळंत झाली. मुलगा. भूमच्या दवाखान्यात व्यवस्थित झालं सगळं, तीन दिवसांनी घरी सोडलं. आज पाचवी. दुपारी म्हसोबापुढं कोंबडा कापला. गल्लीतले सगळे जेवायला. काकू स्वतः वाढायला आल्या, माझ्या पानात कलेजीचा तुकडा घातला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "ह्यो डॉक्टरचा मान. कोंबडा ह्यांनी पारखलाय."

मी खाल्लं. नुसतं खाल्लं नाही, वरून रस्सा मागितला.

तो कोंबडा त्यांचा नव्हता.

मागच्या पत्रात तुला खोटं लिहिलं. तुझं कार्ड आलं त्याच दिवशी मी काकूंच्या अंगणात जाऊन पाखरू पहिल्यांदा हातात घेतलं. पाठीवर हात फिरवला. पिसं गोल. सगळी गोल. ओटीपोट मऊ. तलंगच. माय भाकरी थापताना म्हणाली होती तीच.

तेव्हाच बोलायला हवं होतं. अर्पिता समोर ओट्यावर पाय पसरून बसली होती. मला म्हणाली, "दादा, बरं हाय ना ते? आईचं सगळं चित त्याच्यातच हाय." मी म्हणालो, "एकदम बरं."

मग वाशीच्या बाजारातून त्याच रंगाचा कोंबडा आणला. काकू भर दुपारी सोयाबीन मळायला गेल्या होत्या, अर्पिता आत झोपली होती. दोरा सोडून ह्याला बांधला. ह्याचं डाव्या पायाचं मधलं नख कापलं. रक्त आलं, हळद दाबली. तो माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होता. तलंग पोत्यात घालून आमच्या शेतातल्या आखाड्यावर नेली, डाल्याखाली झाकून ठेवली. मायला सांगितलं, बाजारातून आणली. मायनं तिला दाणे टाकले, पाणी ठेवलं. मला म्हणाली, "गुणाची हाय. अंड्यावर येईल आता."

संध्याकाळी काकूंच्या अंगणात बांग झाली. काकू माझ्या दारात पळत आल्या. पळत, शंभू. गुडघे धरलेली बाई. "डॉक्टर, फुटला बगा आवाज! तुमी म्हणला तसंच!" आणि माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

तुला हे का लिहितोय? आत्ता त्या रश्श्याची चव अजून जिभेवर आहे आणि ओकारी येत नाही. म्हणून.

कृष्णराज

१० डिसेंबर २०२४

शंभू,

कालचं पत्र टाकायच्या आधीच हे घडलं. दोन्ही एकाच पाकिटात येतील.

सकाळी दगडाकाकूंच्या गोठ्यातून कोंबडीचा कलकलाट. अंडं घातल्यावर करते ना, गाव गोळा करायचा, तसा. काकू गेल्या तर गव्हाणीत कडब्यावर एक अंडं, आणि शेजारी तांबूस कोंबडी. डाव्या पायाचं मधलं नख कापलेलं.

माझी तलंग. आखाड्यावरचं डालं उलथून, दोन शेतं ओलांडून ती आपल्या घरी अंडं घालायला आली होती. जिथं वाढतं तिथंच येतं पाखरू, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी डाल्यावर दगड ठेवायलाही विसरलो.

मी पोचलो तेव्हा गल्ली जमली होती. काकू मांडीवर कोंबडी घेऊन बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काल कापला. सगळ्यांनी खाल्ला," त्या म्हणत होत्या. "आन् आज बगा, देवानं परत धाडला. कोंबडीचं रूप दिऊन. अंडं घालून दावलं मला. वंश वाढला म्हणून!"

लक्ष्मीबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आगं, पर कोंबड्याची कोंबडी कशी व्हईल?"

"देवाला काय अवघड हाय?"

"नख बगा की! तेच नख!"

मग कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर आलेत. त्यांनीच पारखला हुता. त्यांना इचारा."

वाट झाली. मला पुढं ढकललं. काकूंनी कोंबडी माझ्या हातात दिली, जपून, लेकरू द्यावं तशी. "डॉक्टर, खरं सांगा. हेच का आपलं बोललेलं पाखरू?"

शंभू, मी तिला उलटी केली. पाय बघितला. पिसांवरून हात फिरवला. सगळं करून दाखवलं, प्रॅक्टिकलला करतो तसं. आणि म्हणालो, "व्हय. हेच."

खोटं नव्हतं ते! हेच मला टोचतंय. आयुष्यात पहिल्यांदा मी पाखरू नीट बघून बरोबर ओळखलं, आणि त्याहून मोठी लबाडी मी कधी केली नाही.

दुपारपर्यंत शेजारच्या वस्तीवरून माणसं आली. म्हसोबाला नारळ फुटतायत. कोंबडीला कुंकू लावून सुपात बसवलीय. काकूंनी सगळ्यांना सांगितलं, आता बारा दिवस लेकरू आणि बाळंतीण गावाची शीव ओलांडणार नाहीत, देव स्वतः राखणीला बसलाय.

मी आखाड्यावर येऊन बसलोय. उलथलेलं डालं तसंच पडलंय.

कृ.

१२ डिसेंबर २०२४

शंभू,

काल सकाळी अर्पितेनं मला हाक मारली. ओट्यावर नाही, आत बाजेपाशी. "दादा, ह्याच्याकडं बघा जरा. दूधच ओढीना झालाय. नुसता झोपतोय."

लेकरू पिवळं पडलं होतं. तोंड, छाती, पार पायापर्यंत. डोळ्यांच्या पांढऱ्यात हळद कालवल्यासारखी. मी माणसांचा डॉक्टर नाही. जनावरांचाही नाही. पण पायाचा तळवा दाबून बघितला, तिथंही पिवळंच.

दवाखान्याची आशाताई आली होती, गौराबाई. ती सकाळपासून सांगत होती. "काकू, घरी सोडतानाच दवाखान्यात सांगितलंय, पिवळं वाढलं, दूध प्यायचं कमी झालं तर लगेच आणा. गाडी बोलावते. आत्ताच निघू."

काकू ऐकायलाच तयार नाहीत. "गौरे, तू लई चांगली हायस. पर ज्यानं कापलेलं जित्तं करून दारात धाडलं, त्यो माझ्या लेकीचं लेकरू न्हाय का राखणार? बारा दिस झाल्याबिगर शीव ओलांडायची न्हाय. भरवसा मोडला तर देव कोपंल."

अर्पिता रडत होती, आवाज न करता. दोनदा रिकामी झालेली बाई, ती आईपुढं काय बोलणार? गौराबाईनं माझ्याकडं बघितलं. "डॉक्टर, तुमचं ऐकतील त्या. तुमी सांगा."

किती सोपं होतं! दवाखान्यात न्या, देवच तसं सांगतोय, असं काहीतरी बोलून सुटता आलं असतं. खरं सांगतो, जिभेवर तेच होतं.

अंगणात आलो. सुपात ती बसली होती, कपाळाला कुंकू. आजूबाजूला वीसेक माणसं. माय पण होती.

मी म्हणालो, "काकू, देवानं काही परत धाडलं नाही. ही कोंबडी कापलीच नव्हती. ही पहिल्यापासून तलंगच होती. मी चुकीची दाखवली, आणि चूक कळल्यावर वाशीच्या बाजारातला कोंबडा आणून बदलला. परवा कापला तो बाजारातला."

आधी कुणालाच कळेना. मग एकजण म्हणाला, "डॉक्टर भ्यालेत. देवाची करणी बघून भ्यालेत."

"शिकल्याल्या लोकांचं आसंच. डोळ्यानं बघितल्यालं झाकायचं."

"मी डॉक्टर नाही," मी ओरडलो. नेहमीसारखाच ओरडलो, रागानं, जसा काही त्यांचाच दोष. "कॉलेज अर्धं सोडून आलोय मी! मारामारी करून. कागद बिगद काही येणार नाही!"

तरी कुणी हललं नाही. काकू कोंबडीवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या. बाजारातल्या कोंबड्याचं खरं मानलं तर नवस खोटा, लेकरू उघडं. त्यांना ते मानायचंच नव्हतं.

तेव्हा माय पुढं आली. पदर सारखा केला. माझ्याकडं बघितलंच नाही तिनं.

"दगडाबाई, ह्यो खरं बोलतोय. ही कोंबडी आमच्या आखाड्यावर डाल्याखाली हुती. म्याच दाणे टाकलेत तिला. बाजारातून आणली म्हणला, म्या मानलं. नख बगितलं न्हाय म्या. काल इथं सुपात बगितलं तवा कळलं." मग म्हणाली, "कळलं, तरी गप बसले. पोटचा हाय म्हणून. माझं बी चुकलं."

शंभू, मायनं वीस माणसांत माझ्यासाठी मान खाली घातली. त्याआधी दोन मिनिटं तिला कळलं होतं की कागद येणार नाही.

काकूंनी कोंबडी उचलून बाजूला ठेवली. हात लुगड्याला पुसले. मला वाटलं मारतील. मारायला पाहिजे होतं. त्या आत तोंड करून म्हणाल्या, "अर्पे, लेकराला गुंडाळ. गौरे, लाव फोन गाडीला."

गाडीत चढताना मी पिशवी द्यायला पुढं झालो. काकूंनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि मायच्या हातात दिली. "तू ये संगं," मायला म्हणाल्या.

गौराबाईचा आत्ता फोन आला. लेकराला निळ्या दिव्याखाली ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकलं असतं तर कावीळ डोक्यात गेली असती.

आता तुझं.

हर्षालीनं मला नाही म्हणून सांगितलं होतं. शेडमधल्या त्या प्रकाराच्या आधीच. नीट सांगितलं, चारचौघांत अपमान न करता. "माझ्या मागं मागं येऊ नको कृष्णराज, मला तसं काही वाटत नाही." मी तुला हे कधी बोललो नाही. मला तिचं नाही म्हणणं खरंच वाटेना. कुणीतरी तिला फितवलं असणार, आणि तू तिथं हसत होतास. तिनं उत्तर दिलं होतं हे तुला तिनंच सांगितलं असेल. तरी तू मला तोंडावर कधी बोलला नाहीस.

तुझ्या हातातला ट्रे माझ्या फटक्यानं पडला. पिल्लं पायाखाली आली, माझ्याच बुटांखाली. आणि तू सरांना म्हणालास, "ट्रे माझ्या हातून निसटला." तुझे प्रॅक्टिकलचे गुण गेले. मी दुसऱ्या दिवशी पेटी उचलून निघालो आणि स्वतःला सांगत राहिलो की मी मानी आहे.

ती चिठ्ठी फाडून टाक. न वाचता.

कृष्णराज

३ मार्च २०२५

शंभू,

मधे लिहिलं नाही. लिहायला तोंड नव्हतं, आणि एक काम केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ते केलं. मागच्या आठवड्यात धाराशिवला आलो होतो. प्राचार्यांना भेटलो. ट्रे तुझ्या हातून निसटला नव्हता, हे सांगितलं आणि लिहून दिलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "वर्षभरानं सुचलं होय रे?" मी म्हणालो, "व्हय सर." दुसरं काय म्हणणार?

तुला भेटलो नाही. शेडच्या जाळीपर्यंत आलो होतो. तू आत होतास, नवा चष्मा, हातात पिल्लू धरून पोरांना काहीतरी दाखवत होतास. हर्षालीही होती. तिच्याकडं बघितलं नाही, असं लिहिणार होतो. बघितलं. मग वळलो आणि एसटी धरली. तिला काही सांगू नको, मी आलो होतो हेसुद्धा नको.

लेकरू बरं झालं. गुटगुटीत आहे. वाशीला गेलं अर्पितेसंगं.

गावात मला अजून डॉक्टरच म्हणतात. पण आता कसं म्हणतात ते ऐकायला पाहिजेस. पारावरून हाक येते, "काय डॉक्टर, आमची म्हैस दूध देती. नर का मादी, जरा दावता का?" आधी दगड उचलावासा वाटायचा. एकदा उचललाही. मग ठेवला. आता म्हणतो, "धार काढून बघा, अन् मला बी कळवा." हसतात. मी पण हसतो. घशाखाली उतरायला वेळ लागतो एवढंच.

माय बोलते, पण जेवायला वाढताना माझ्याकडं बघत नाही. मी तिला "तू शिकलीस का मी" म्हणालो होतो, ते तिच्या डोक्यातून कधी गेलं असेल असं वाटत नाही.

दगडाकाकू मात्र अडीच महिने एक शब्द बोलल्या नाहीत. मी समोरून आलो की शेळीशी बोलायच्या. "चल गं बाई, तू तरी खरी शेळी हायस ना?"

आणि ती कोंबडी? तिचा मोठाच पेच झाला. बोललेलं पाखरू, म्हणजे विकता येत नाही, खाता येत नाही. मादी, म्हणजे देवाला देता येत नाही. पुजाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, आसं कधी कुणाचं झालंच न्हाय, मला काय ठावं? शेवटी काकूंनीच ठरवलं. ती आता मरेपर्यंत त्यांच्या अंगणात राहणार. तिची अंडी कुणी खात नाही. साठवून साठवून तिच्याच खाली बसवली. माघात खुडूक झाली ती, उबवायला बसली.

आठ दिवस झाले, पिल्लं निघाली.

मी भारा घेऊन गल्लीतून चाललो होतो, कडब्याचा. भिंतीपलीकडून हाक आली. "ए किसन्या."

डॉक्टर नाही. तुमी नाही. मी पेंढ्या तिथंच टाकल्या.

काकू उकिडव्या बसल्या होत्या. तांबूस कोंबडी पंख फुगवून अंगावर येत होती, आणि तिच्या पोटाखालनं पिवळी-करडी तोंडं बाहेर. काकूंनी एक पिल्लू उचललं. माझा हात ओढून तळव्यावर ठेवलं. एवढंसं, गरम, सगळं अंग धडधडतंय. लक्ष्मीबाई भिंतीवरून बघत होत्या. माय दारात उभी होती.

"सांग," काकू म्हणाल्या. "नर का मादी?"

मी बघितलं. पाय बघितले, पंख बघितले, तुला आठवून आठवून बघितलं. त्यानं मला टोचलंसुद्धा. लक्ष्मीबाईंच्या ओठावर हसू येऊन थांबलं होतं. माझे कान तापले.

म्हणालो, "काकू, मला आत्ता कळत नाही."

"मग कवा कळंल?"

"तीन महिने लागतील."

काकूंनी पिल्लू माझ्या हातातून घेतलं, आईच्या पंखाखाली सारलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या,

"मग येत जा तीन महिने. रोज दाणे तू टाकायचे."

रोज जातोय.

तुझा,
कृष्णराज